तीन नंबरची खाट

१

माणसं उठवणं हा त्याचा पेशा होता, म्हणून कामावर सगळे त्याला कोंबडा म्हणत. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. उलट तो कधीमधी फोन उचलल्यावर स्वतःच "कोंबडा बोलतोय" म्हणायचा.

झोपेचा अभ्यास करणारी ती संस्था एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होती. तिथे लोक रात्री नाही, दुपारी झोपायला येत. आदल्या रात्री चारच तास झोपायचं असं त्यांना बजावलेलं असे, त्यामुळे जेवणानंतर आडवं केलं की माणूस दगडासारखा बुडे. कोंबडा त्यांच्या डोक्याला लेप लावून तारा चिकटवायचा, जाड पडदे ओढायचा, दार लावायचा आणि शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसायचा. पडद्यावर रेघा धावत. झोप लागताना त्या बारीक असत, गाढ झोपेत मोठ्या आणि संथ होत, आणि स्वप्न सुरू झालं की पुन्हा बारीक होऊन डोळ्यांची रेघ तेवढी सैरावैरा पळे. ठरलेली पायरी आली की त्याने माइकमध्ये हाक मारायची आणि एकच प्रश्न विचारायचा: "मी हाक मारायच्या अगदी आधी तुमच्या मनात काय होतं?"

इतकंच. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. झोपेतून अर्धवट वर आलेल्या माणसाच्या मनात आपण जे टाकू तेच त्याच्या तोंडून बाहेर येतं, असं डॉक्टरीणबाई पहिल्या दिवशीच सांगत. खोली दिसली म्हणाला तर कसली खोली असंही विचारायचं नाही. त्यांचा आणखी एक शिरस्ता होता. नव्या माणसाला कामावर घेतलं की पहिल्याच आठवड्यात त्याला तीन नंबरच्या खाटेवर झोपवून गाढ झोपेतून स्वतः उठवायच्या. उठवणाऱ्याला उठण्याची चव माहीत हवी, असं त्यांचं म्हणणं. कोंबड्यालाही उठवलं होतं. त्याने "काही नाही" असं उत्तर दिलं होतं आणि मग अर्धा तास चपला उलट्या पायांत घालून फिरला होता. हा किस्सा पुढे आठ महिने चघळला गेला.

गाढ झोपेत बहुतेकांचं उत्तर तेच असतं. काही नाही. मन दुकान बंद करून गेलेलं असतं. त्या पायरीवरच्या नोंदी म्हणूनच त्याला आवडत, दोन शब्दांत काम उरकायचं.

२

तीन नंबरच्या खाटेवर त्या दिवशी तिकीट तपासनीस बाई होत्या. करड्या कोटातच आल्या होत्या, ड्युटी संपवून सरळ. चाळिसाव्या मिनिटाला रेघा मोठ्या झाल्या, त्याने हाक मारली, प्रश्न विचारला आणि सवयीने "काही नाही" लिहायला पेन्सिल टेकवली.

"खोली आहे," बाई जड जिभेने म्हणाल्या. "पलंग आहे भिंतीशी. मी दाराजवळ उभी आहे. उशाशी एक माणूस आहे, पाठमोरा."

त्याने "काही" एवढं लिहिलं होतं ते खोडलं. असं होतं कधीकधी. शंभरात चार-पाच जण गाढ झोपेतही काहीतरी घेऊन वर येतात.

दोन दिवसांनी त्याच खाटेवर बेकरीवाला आला. त्याच्या कपाळावर आणि भुवयांत पीठ होतं, लेप चिकटेना म्हणून कोंबड्याने ओल्या कापसाने कपाळ तेवढं पुसून काढलं.  हाक मारल्यावर तो म्हणाला की एक खोली आहे, पलंग आहे, उशाशी कुणी पाठमोरं आहे, आणि दाराजवळ करड्या कोटातली एक बाई उभी आहे.

कोंबड्याने नोंद लिहिली आणि मग ती तीनदा वाचली. ह्या दोघांची भेट होणं शक्य नव्हतं. बाई सोमवारी आल्या होत्या, हा बुधवारी. बाईंचा कोट खुंटीला राहिला असेल म्हणून तो खोलीत जाऊन बघून आला. खुंटी रिकामी होती. एकाच बसने जात असतील, कुठेतरी बोलणं झालं असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि चहा प्यायला गेला.

पुढच्या आठवड्यात शिवणकाम करणारी एक बाई आली. तिने खोली सांगितली, पलंग सांगितला, पाठमोरा सांगितला, कोटवाली सांगितली आणि वर म्हणाली, "एक माणूस आहे, त्याच्या भुवया पांढऱ्या आहेत. तरुण आहे, पण भुवया पांढऱ्या."

ज्याला उठवावं तो तिथेच उभा राहत होता. कोंबड्याला हे कळलं तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी टेबलं सरकवत होतं.

३

टॅक्सीवाला चौथा, टक्कल पडलेला. तो बोलका होता, झोपेतही बोलकाच निघाला. "दाटी झालीय," तो म्हणाला. "मी पलंगापर्यंत सरकलोय. पांघरुणावर हत्ती आहे शिवलेला. एक पाय हिरवा."

कोंबड्याने पेन्सिल कानाला लावली, ही त्याची सवय होती, आणि काही न लिहिता बसून राहिला. घरी त्याच्या मुलीच्या पांघरुणाला इस्त्रीने भोक पडलं होतं, आणि बायकोने त्यावर हत्ती शिवला होता. करडं कापड संपलं म्हणून चौथा पाय हिरवा लावला होता. ठमीला तो पायच जास्त आवडायचा.

मग त्याला आठवलं की ठमीने काढलेलं त्या हत्तीचं चित्र त्याच्या टेबलाच्या काचेखाली आहे. येणारा प्रत्येक जण तिथे सही करायला वाकतो. त्याला इतकं हायसं वाटलं की एकटाच हसला. चित्र काढून त्याने खिशात घातलं. त्या चित्रात पलंग नव्हता, दार नव्हतं आणि उभी माणसंही नव्हती, पण हा विचार त्याने पुढे जाऊ दिला नाही.

घरी गेला तर ठमी खोलीतली खेळणी पलंगाखाली कोंबत होती. वय वर्षं सहा, आवरायचं म्हटलं की पोटात दुखायचं तिच्या. आज न सांगता आवरत होती. त्याने बायकोला खुणेने विचारलं, काय हे? बायको म्हणाली, दुपारी झोपून उठल्यापासून लागलीय, आता नजर लावू नका.

तो खाली बसला. "काय गं, आज सूर्य कुठून उगवला?"

"जागा करतेय," ठमी म्हणाली. "त्यांना नीट उभं राहता येत नाही."

बायको स्वयंपाकघरातून हसली. कोंबडाही हसला, कारण न हसता काय करावं हे त्याला सुचलं नाही.

४

चूक त्याने केली ती पाचव्या माणसाच्या वेळी. निवृत्त पोस्टमन होते ते, सत्तरीचे, स्वच्छ दाढी केलेले, "किती वाजता सोडाल?" असं दोनदा विचारणारे. दोन वाजून चाळीस मिनिटांनी त्यांच्या रेघा मोठ्या झाल्या. ठमीचीही घरी ती झोपायची वेळ. शाळेतून आली की जेवून चार वाजेपर्यंत ती पडायची, घोरायचीसुद्धा.

त्याने हाक मारली, ठरलेला प्रश्न विचारला. पोस्टमननी सगळी माणसं ओळीने सांगितली, पत्ते वाचावेत तशी. एक पाठमोरा. कोटवाली. पांढऱ्या भुवयांचा. गळ्यात मोजायची फीत घातलेली बाई. टक्कल असलेला एक. सगळे पलंगाभोवती, पलंगाकडे तोंड करून.

इथे थांबायचं होतं. माइक बंद करायचा होता. आठ महिन्यांत त्याने एकदाही नियम मोडला नव्हता. पण पलंगावर त्याची मुलगी होती आणि हा म्हातारा तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता, आणि बापाच्या तोंडून ते निघून गेलं.

"ती जागी आहे का?"

 पडद्यावरच्या रेघा क्षणभर सपाट झाल्यासारख्या वाटल्या.

"नव्हती," पोस्टमन म्हणाले. "तुम्ही विचारलंत आणि तिने डोळे उघडले."

त्याने त्यांना तसंच तारांत गुंडाळलेलं सोडून घरी फोन लावला. बायकोने लगेच उचलला. ती म्हणाली की काय योगायोग, मी आत्ता तुम्हालाच फोन करणार होते. ठमी गाढ झोपली होती, एकदम ताडकन उठून बसली आणि "हो" म्हणाली. कुणाला हो म्हणालीस विचारलं, तर म्हणे बाबाला.

५

डॉक्टरीणबाईंनी ध्वनिमुद्रण ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या ओरडणाऱ्यातल्या नव्हत्या. नोंद बाद करावी लागेल, एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी त्याला समजावलं. टेबलावर इतके दिवस मुलीने काढलेलं चित्र, तोंडात मुलीचं कौतुक, लेप लावताना तू सगळ्यांशी गप्पा मारतोस. तूच ती खोली त्यांच्या डोक्यात भरलीस आणि तूच ती बाहेर काढून घाबरतोयस. चार दिवस सुट्टी घे.

त्याला हे पटलं असतं तर किती बरं झालं असतं. अर्धं पटलंही. पण सुट्टी त्याने घेतली नाही, कारण घरी ठमी झोपेनाशी झाली होती.

दुपारची झोप त्या दिवसापासून सुटली. बायकोला आधी आनंदच झाला, पोर मोठी झाली म्हणून. मग रात्रीही ती जागी दिसू लागली. कधीही डोकावून पाहावं तर टक्क डोळे उघडे. रडणं नाही, हट्ट नाही, पाणी हवं म्हणणं नाही. तिसऱ्या रात्री कोंबडा तिच्याशेजारी आडवा झाला. शेकडो माणसांची झोप त्याने पाहिली होती, श्वास ऐकून पायरी सांगू शकत होता. ठमीच्या श्वासात पायऱ्याच नव्हत्या. संध्याकाळपासून सकाळपर्यंत एकच सपाट जाग.

"झोप की गं," तो म्हणाला.

"झोप येत नाही, बाबा."

"डोळे मीट. येईल."

तिने शहाण्या मुलीसारखे डोळे मिटले, आणि पापण्यांमागे ती जागी असल्याचं त्याला अंधारातही कळत राहिलं.

६

सहावी एक नर्स होती. कोंबड्याने तिला उठवलंच नाही. धाडस वगैरे काही नव्हतं त्यात, हाकच निघेना. गाढ झोप आली आणि गेली, मग स्वप्नाची पायरी आली, डोळ्यांची रेघ नाचली, आणि दीड तासाने नर्स आपली आपण उठून जांभई देत बसली.

त्याने ठरलेला प्रश्न विचारला. ती म्हणाली, "कसली तरी कोंदट खोली होती, माणसं उभी होती. मला कंटाळा आला. मी दार ढकलून बाहेर आले, तर बाहेर आमची शाळा."

ती बाहेर आली होती. कोंबड्याच्या मनात पहिल्यांदा उजेड पडला. बुडालेल्या माणसाला मध्येच ओढून काढलं की तो थोडा तिथे राहतो. स्वतःच्या पायाने वर येऊ दिलं की सगळाच्या सगळा येतो. ह्याला शास्त्र म्हणत नाहीत हे त्याला कळत होतं, पण त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

त्याने पाचही जणांना फोन केले. मशीनमध्ये बिघाड झाला होता, पुन्हा एकदा झोपायला यावं लागेल, असं दडपून खोटं सांगितलं. टॅक्सीवाला खूश झाला, असं काम रोज द्या म्हणाला. एकेक जण आला, तीन नंबरच्या खाटेवर झोपला, आणि कोंबडा शेजारच्या खोलीत तोंडावर हात ठेवून बसून राहिला. कुणालाही उठवलं नाही. आणि प्रत्येक जण उठून तेच सांगू लागला, की दार होतं, मी बाहेर पडलो. दाटी कमी होत गेली. पांढऱ्या भुवया गेल्या, फीत गेली, कोट गेला.

शेवटी आले पोस्टमन. दोन तास झोपले. उठल्यावर म्हणाले, आता खोली मोकळी आहे. मी निघालो तेव्हा ती मुलगी होती आणि तो एक.

"कोण एक?" नियम केव्हाच गेला होता.

"पाठमोरा. उशाशी वाकून उभा आहे. तो आमच्या सगळ्यांच्या आधीपासून आहे." पोस्टमननी कपाळावरचा लेप पुसला. "चेहरा नाही दिसला. कानाला पेन्सिल लावलेली आहे त्याच्या."

कोंबड्याचा हात आपोआप कानाकडे गेला. आठ महिन्यांपूर्वी ह्याच खाटेवर त्यालाही गाढ झोपेतून मध्येच उठवलं होतं.

७

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. त्याला झोपेची गरज आहे एवढं त्यांनाही दिसत होतं, म्हणून फार वाद घातला नाही. तारा त्यांनी स्वतः लावल्या. काही झालं तरी हाक मारायची नाही, असं त्याने त्यांच्याकडून दोनदा कबूल करून घेतलं. घरी फोन करून बायकोलाही बजावलं. ती ठमीला घेऊन मुलांच्या डॉक्टरांकडे निघाली होती, वाटेत तुमच्याकडे डोकावते म्हणाली. ये, पण मला उठवू नको, तो म्हणाला.

पडदे ओढले गेले. लेप गार होता. आठ दिवसांची झोप अंगात साठलेली, त्याला बुडायला वेळ लागला नाही.

मग तो ठमीच्या खोलीत उशाशी वाकून उभा होता. कंबर दुखत होती, फार दिवस असंच वाकून राहिल्यासारखी. खोलीत काही भयंकर नव्हतं, हेच फार भयंकर वाटलं त्याला. खिडकी होती, पण तिच्यातून येणारा उजेड कुठल्याच वेळेचा नव्हता. पलंगाखाली खेळणी नीट लावलेली होती. पांघरुणावर हत्ती होता. आणि हत्तीच्या वर ठमीचा चेहरा होता, डोळे उघडे, त्याच्याकडे लागलेले.

"बाबा," ती म्हणाली. "आता उठू का?"

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मागच्या वेळी बोलला होता म्हणूनच तर हे सगळं झालं होतं. एका शब्दाने तिचे डोळे उघडले, दुसऱ्या शब्दाने काय होईल कुणास ठाऊक. त्याच्या आवाजाची त्याला स्वतःलाच दहशत बसली होती. आपण गेलो की संपलं, खोली रिकामी झाली की ठमीला घरी झोप लागेल, हे त्याने स्वतःला सांगितलं, ओठ घट्ट दाबले आणि दाराकडे चालू लागला. दार चार पावलांवर होतं. मागून पांघरूण सरकल्याचा आवाज आला. त्याने वळून पाहिलं नाही.

दार हलकं होतं.

८

जाग आली ती अलगद, ताज्या माणसासारखी. कुणी हाक मारली नव्हती. कित्येक महिन्यांनी त्याला अंगात आपण पूर्ण भरलेलो आहोत असं वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. बाहेरून बायकोचा आणि डॉक्टरीणबाईंचा बोलण्याचा आवाज येत होता. शेजारच्या स्टुलावर ठमी बसली होती. तिने मोजे वर ओढले होते, हात मांडीवर ठेवले होते.

"ठमे," तो म्हणाला. "झालं बघ. आज तुला मस्त झोप लागेल."

ठमीने मान हलवली. "नाही लागणार. ती अजून तिकडेच आहे ना."

"कोण?"

"तिने तुला विचारलं," ठमी म्हणाली. "तू काहीच बोलला नाहीस."

तेव्हा त्याला कळलं. सगळ्यांचा हिशेब लावता लावता एक माणूस त्याने धरलंच नव्हतं. त्याने गाढ झोपेतून उठवून त्या खोलीत अडकवलेल्यांत पाच लोक होते, आणि एक त्याची मुलगी होती. दोन चाळीसला, माइकवरून.

त्याने तिला उचलून खाटेवर घेतलं, अंगावर पांघरूण ओढलं, थोपटलं. ती त्याच्या दंडावर डोकं ठेवून उघड्या डोळ्यांनी पडून राहिली. तिला तिथे जाता येणार नव्हतं. तिची झोपच तिकडे राहिली होती. जायचं तर त्यालाच जायला हवं होतं, पुन्हा ह्याच खाटेवर बुडून, त्या पलंगापाशी, आणि ह्या वेळी तिला ऊठ म्हणायला हवं होतं. एवढंच तर काम होतं. आठ महिने तेच करत आला होता.

त्याने डोळे मिटले. पण झोप पुरी झाली होती, आणि दोन डोळे त्याच्या चेहऱ्यावर लागलेले होते, ते त्याला पापण्यांआडूनही समजत होतं. त्याने श्वास लांबवला. शंभरपासून उलटे आकडे म्हटले. कुठेतरी साठाच्या आसपास शरीर जरा जड झालं, कडा पुसट झाल्या, आणि त्या पुसट जागेत एका पलंगाचा कोपरा दिसल्यासारखा झाला.

"बाबा," कानाशी ठमी कुजबुजली, "जागा आहेस का?"

कोपरा गेला.  खोटं बोलून उपयोग नव्हता म्हणून तो म्हणाला, "हो."

तिने शहाण्यासारखी मान हलवली आणि वाट पाहत राहिली. त्याने पुन्हा शंभरपासून सुरुवात केली. साठाला ती पुन्हा विचारणार आहे, हे आता त्याला माहीत होतं.